तापीकाठची पाखरे आणि छायाचित्राची साक्ष

१

रानातील पशुपक्ष्यांच्या मागावर हिंडणे हा एके काळी शिकाऱ्यांचा, फासेपारध्यांचा आणि गुराख्यांचा उद्योग होता. सुशिक्षित गृहस्थाने गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे शिवारात जावे आणि रिकाम्या हाताने परत यावे, याचे खेड्यातील लोकांना नवल वाटे. आता तसे राहिलेले नाही. सुट्टीच्या दिवशी नदीकाठी, तळ्याच्या बांधावर किंवा माळावर कॅमेरा घेऊन उभी असलेली तरुण मंडळी कोठेही दिसतात. हा छंद निर्मळ आहे, डोळ्यांना व मनाला वळण लावणारा आहे. तथापि ज्या वेगाने तो पसरला, त्या वेगाने त्यामागची शिस्त पसरली, असे म्हणता येत नाही. चित्रे उदंड झाली. चित्र कोठले, केव्हाचे आणि कशाचे, हे सांगणारी विश्वासार्ह नोंद मात्र प्रत्येक चित्राबरोबर असतेच असे नाही.

पाखरू ओळखावे कसे, त्याचे छायाचित्र घ्यावे कसे, आणि घेतलेल्या चित्राला साक्षीचे मोल केव्हा येते, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. विचाराला एखादी ठाम भूमी असावी म्हणून सुरत जिल्ह्यातील कामरेजचा परिसर निवडला आहे. कारणे दोन. एक तर नावाजलेल्या अभयारण्यात न जाता साध्या शेतवस्तीच्या प्रदेशात काय पाहता येते, याचा हा चांगला नमुना आहे. दुसरे असे की, याच तापीच्या काठी, कामरेजहून थोडे वर असलेल्या मांडवी गावाचे नाव पक्षिशास्त्राच्या इतिहासात एका खोट्या नोंदीमुळे गाजले आहे. त्या प्रकरणातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

२

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, खानदेश ओलांडते, उकाई व काक्रापार येथील बांधांवरून उतरत मांडवीपाशी येते, आणि कामरेजवरून सुरतेकडे जाऊन अरबी समुद्रास मिळते. म्हणजे जे पाणी शहादा-तळोद्याच्या शिवाराजवळून वाहते, तेच पुढे कामरेजच्या काठाला लागते. गाव प्राचीन आहे. ताम्रपटांतील ‘कर्मणेय’ ते हेच असे अभ्यासक मानतात, आणि २००३ साली येथे झालेल्या उत्खननात ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या काळातील व्यापारी वसाहतीचे अवशेष मिळाले. आज मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे गजबजलेले नाके म्हणून ते अधिक परिचित आहे. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. सुरत शहरात खानदेशातून आलेल्या मराठी भाषकांची मोठी वस्ती आहे, तेथे महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत, आणि दर हंगामात ऊसतोडीसाठी धुळे-नंदुरबारकडची कुटुंबे या पट्ट्यात उतरतात.

महामार्ग सोडून आत वळले की तीन प्रकारची भूमी लागते: नदीचे पात्र व त्याच्या दरडी, कालव्यांनी भिजणारी उसाची व भाताची शेते, आणि गावतळी व बाभळींचे पट्टे. काक्रापारचा बंधारा १९५४ च्या सुमारास व उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले, तेव्हापासून या भागाची शेती पाण्याने आणि उसाने बदलून गेली. शेती बदलली की पाखरेही बदलतात. कोरड्या माळावर राहणाऱ्या चंडोलासारख्या पक्ष्यांना अशा बदलाने अडचण होते, आणि पाणथळीचे पक्षी वाढतात. कालव्याच्या काठी वंचक मान आखडून बसलेला असतो. नांगरामागे गायबगळ्यांची रांग चालते. तळ्यात शेकाट्या आपल्या लांब लाल पायांवर पाणी तुडवीत असतो. पात्रावर कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवीत तरंगतो आणि दगड पडावा तसा खाली येतो. तारेवर वेडा राघू आणि कोतवाल, बांधावर टिटवी, उसाच्या कडेला भारद्वाज. एवढी मंडळी तर कोणासही एका सकाळीत भेटावी.

हिवाळ्यात पाहुणे येतात. धोबी, तुतवार, बदकांचे काही प्रकार, आणि गुलाबी अंगाच्या भोरड्यांचे थवे हे सारे उत्तरेकडून येऊन फाल्गुन-चैत्रापर्यंत राहतात. सुगरणीचे विणकाम पावसाळ्यात, टिटवीची अंडी उन्हाळ्यात, हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे कोणत्या महिन्यात काय पाहावे, याचे वेळापत्रक आपोआप तयार होते. गुजरातच्या पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी डॉ. सालिम अली यांनी १९४० नंतरच्या वर्षांत केली. तिचा वृत्तांत १९५४-५५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्याला या प्रदेशात गंभीरपणे काम करावयाचे आहे, त्याने आपली वही त्या वृत्तांताशेजारी ठेवून पाहावी. सत्तर वर्षांत काय आले व काय गेले, ते अशा तुलनेतूनच कळते.

३

पाखरू ओळखण्याची विद्या डोळ्यांची आहे असे सर्वसाधारणपणे समजतात. वास्तविक तिचा आरंभ कानापासून होतो. दाट उसात किंवा चिंचेच्या झाडात लपलेला पक्षी प्रथम ऐकू येतो आणि मागाहून दिसतो. आवाज ऐकून थांबावे, हालचाल कोठे होते ते नुसत्या डोळ्यांनी हेरावे, आणि मगच दुर्बीण डोळ्यांस लावावी. पक्षी दिसला की एकदम नाव उच्चारण्याची घाई करू नये. आकार परिचित पक्ष्याशी ताडून पाहावा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? चोच कशी, शेपूट वर की खाली, चालतो की टुणटुण उड्या मारतो, उडताना सरळ जातो की लाटेसारखा वरखाली होतो? रंग सर्वांत शेवटी विचारात घ्यावा, कारण उन्हात व सावलीत रंगासारखे फसविणारे दुसरे काही नाही.

या ओळखीत भाषेचा वाटा केवढा आहे, हे शिक्षकांस सांगावयास नको. ज्या वस्तूला नाव नाही ती नजरेसमोर असूनही दिसत नाही. कामरेजच्या परिसरात या बाबतीत एक मौज आढळते. मराठीत ज्याला ‘धोबी’ म्हणतात, त्याला गुजरातीत ‘दिवाळीघोडो’ म्हणतात. शेपटी सारखी वरखाली आपटणारा हा पक्षी आपल्या लोकांना कपडे धुणाऱ्यासारखा दिसला. गुजराती शेतकऱ्याने त्याच्या येण्याची वेळ ध्यानात ठेवली: तो दिवाळीच्या सुमारास येतो. एका नावात पक्ष्याची लकब आहे, दुसऱ्यात त्याचे स्थलांतर आहे, आणि दोन्ही नावे माहीत असणाऱ्याला पक्षी दुप्पट कळतो. टिटवी व टिटोडी ही दोन्ही नावे तिच्या ओरडण्यावरूनच पडली आहेत. पंचतंत्रात समुद्राशी वैर मांडणारा टिट्टिभ तो हाच.

नाव कधी कधी दिशाभूलही करते. ‘सुगरण’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. गुजरातीतील ‘सुघरी’ही तसाच. पण गवताच्या पात्यांचे तंतू काढून तो लोंबता खोपा विणणारा पक्षी नर असतो. अर्धा विणलेला खोपा तो मादीस दाखवितो, तिने पसंत केला तर पुरा करतो, नाहीतर तसाच सोडून दुसरा आरंभतो. तापीखोऱ्याच्याच कन्या असलेल्या बहिणाबाई चौधरींनी या खोप्यावर लिहिलेली कविता मराठी मुलांना पाठ असते. तिची गोडी या माहितीने रतिमात्र कमी होत नाही. उलट वर्गात कविता शिकवून झाल्यावर मुलांना बाभळीखाली नेऊन विणणारा कोण आणि पाहावयास येणारी कोण, हे त्यांच्याच डोळ्यांनी ठरवू द्यावे. पिवळे डोके असलेला तो नर, हे ती मिनिटाभरात सांगतील.

४

वन्य पशूंचे छायाचित्र काढण्याच्या कलेचा आपल्या देशातील इतिहास शतकाच्या आसपासचा आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणून, तिला पाय लागताच प्रकाश पडावा व कॅमेरा उघडावा अशी योजना केली, आणि बंदुकीचा बार न काढता रात्रीच्या वाघांची चित्रे मिळविली. त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. शिकारीच्या फोटोंचा तो काळ होता. मेलेल्या जनावरावर पाय ठेवून काढलेली चित्रे दिवाणखान्यांत टांगली जात. त्या काळात जिवंत वाघाच्या चित्राला अधिक प्रतिष्ठा आहे असे मानणारा माणूस काळाच्या पुढे होता.

आजची साधने त्या मानाने फारच सोपी झाली आहेत. तरीही काही नियम जुनेच आहेत. प्रकाश सकाळच्या पहिल्या दोन तासांत आणि सायंकाळच्या शेवटच्या तासात कोवळा असतो. दुपारच्या उन्हात पांढऱ्या बगळ्याच्या पिसांचा तपशील नाहीसा होतो आणि काळ्या कोतवालाचा नुसता ठिपका उरतो. सूर्य आपल्या पाठीशी असावा. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येण्यासाठी खाली बसावे, प्रसंगी बांधावर पालथे पडावे. चित्र रेखीव यावयाचे तर भिंगाचा नेम डोळ्यावर धरावा, कारण डोळा अस्पष्ट असला की बाकी सर्व स्पष्ट असूनही चित्र निर्जीव दिसते. बसलेल्या पक्ष्याला चारशे मिलिमीटरची टेली लेन्स पुरते. उडत्या खंड्याला धरावयाचे तर झडप सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ उघडी राहिली पाहिजे.

यंत्राची ही बाजू आठवड्याभरात शिकता येते. संयम शिकावयास वर्षे लागतात. पक्ष्याकडे सरळ चालत जाऊ नये. तिरकस, थांबत थांबत, त्याच्याकडे लक्ष नसल्यासारखे जावे. त्याने मान वर काढली, चरणे थांबविले की आपणही थांबावे. तो आपल्याला पाहून अस्वस्थ झाला, याची ती पहिली खूण. जनावरांच्या बाबतीत वाऱ्याचा विचार करावा लागतो, कारण कोल्ह्याला किंवा रानडुकराला माणूस दिसण्याआधी त्याचा वास येतो. सर्वांत चांगला उपाय म्हणजे आपण न जाणे आणि त्याने येणे. पाणवठ्याजवळ, झुडपाच्या आडोशाने, शिकारी ज्याला लपण म्हणत तसे लपण करून तास-दोन तास स्वस्थ बसावे. उभ्या मोटारीत बसून राहिले तरी चालते. पायी माणसाला पाहून उडणारा पक्षी पुष्कळदा मोटारीला मुळीच भीत नाही.

५

आता त्या खोट्या नोंदीच्या प्रकरणाकडे वळू. आपल्या घराच्या वळचणीला, जुन्या झाडाच्या ढोलीत राहणारा ठिपक्यांचा पिंगळा सर्वांना ठाऊक आहे. गुजरातीत त्याला चिबरी म्हणतात. त्याचाच एक दुर्मिळ भाईबंद रानपिंगळा. एफ. आर. ब्लेविट यांना तो १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या प्रदेशात मिळाला, आणि पुढल्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून ब्लेविट यांचे नाव त्याच्या शास्त्रीय नावात गोवले. खानदेशात सरकारी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या थोड्या वर्षांत शहादा-तळोदा भागातून त्याचे काही नमुने जमविले. १८८४ नंतर खात्रीचा नमुना नाही. जगातील संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात कातडी राहिली, आणि पक्षी नाहीसा झाला असावा, असे पुष्कळांना वाटू लागले.

मात्र एका कातड्यावरील चिठ्ठी निराळे सांगत होती. ब्रिटिश सेनाधिकारी व नामांकित पक्षिसंग्राहक रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील त्या नमुन्यावर ऑक्टोबर १९१४ ही तारीख होती, आणि स्थळ होते तापीकाठचे मांडवी. मोठ्या माणसाची नोंद म्हणून ती ग्रंथांत शिरली. पक्षी १९१४ पर्यंत होता, आणि तो दक्षिण गुजरातच्या सखल प्रदेशात होता, असे त्यावरून धरले गेले, आणि नंतर शोध घेणाऱ्यांची दिशा काही अंशी त्यामुळे चुकली.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे सर्व नमुने बारकाईने तपासले. मांडवीच्या कातड्याची क्ष-किरणांनी तपासणी केली तेव्हा ते एकदा उकलून पुन्हा भरलेले दिसले, आणि मूळची भरण्याची व शिवण्याची पद्धत डेव्हिडसन यांच्या हाताची निघाली. म्हणजे खानदेशातून मिळविलेला जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी अडकविलेली होती. या तपासाचा सविस्तर निबंध रासमुसेन व निगेल कॉलर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. पण त्याआधीच खोटे स्थळ वगळून खऱ्या जुन्या स्थळांचा शोध सुरू झाला होता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी बेन किंग, रासमुसेन आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी तो पुन्हा सापडला. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली व चलत्‌चित्रणही केले.

त्या चित्रांचे महत्त्व कशात होते? पिंगळा आणि रानपिंगळा दुरून सारखेच दिसतात. पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, करडा-तपकिरी असतो. त्याचे डोके व चोच मोठी, छातीवर भरीव तपकिरी पट्टा, पंखांवर व शेपटीवर रुंद गडद पट्टे, आणि पायांवर दाट पांढरी पिसे. हे सर्व चित्रांत उतरले होते. पाहिले असे म्हणणाऱ्याचा शब्द आणि त्याने आणलेला पुरावा हे एकमेकांशी जुळले, आणि कोणाही तिऱ्हाइताला ते तपासता आले. जुन्या काळी यासाठी पक्षी मारून कातडे आणावे लागे. आता तो फांदीवर जिवंत राहिला आणि पुरावा घरी आला.

त्यानंतर मेळघाट, यावल, तोरणमाळ, मध्य प्रदेशातील खकनार, ठाणे जिल्ह्यातील तानसा अशा ठिकाणी त्याचे वास्तव्य आढळले, आणि २०१५ साली गुजरातेतील डांगच्या पूर्णा अभयारण्यातील त्याची नोंद प्रसिद्ध झाली. दक्षिण गुजरातेत रानपिंगळा आहे, हे अखेर खरे निघाले. परंतु ते खरे ठरले ते नव्या प्रामाणिक निरीक्षणाने. त्या चिठ्ठीचा त्यात काही वाटा नाही. उलट खरी गोष्ट कळावयास तिने विलंबच केला. २०१८ साली जागतिक यादीत त्याचे स्थान ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आले. यातही पाखरे एकाएकी वाढली, यापेक्षा माणसांनी नीट पाहिले व नीट लिहून ठेवले, याचा भाग मोठा आहे.

मांडवीचे प्रकरण एका संग्राहकाच्या अप्रामाणिकपणाचे होते. आपल्याकडे होणाऱ्या चुका बहुधा निष्काळजीपणाच्या असतात, आणि परिणाम मात्र तोच होतो. डांगमध्ये काढलेले चित्र कामरेजचे म्हणून मित्रांत फिरते. कॅमेऱ्यातील घड्याळ मागे असल्याने डिसेंबरचा पक्षी जूनमध्ये नोंदला जातो. दुसऱ्याचे चित्र आपले म्हणून दाखविले जाते. संगणकाने रचलेली, जगात कधीच नसलेली पाखरेही आता खऱ्यासारखी दिसू लागली आहेत. अशा वेळी चित्र सुंदर असणे पुरेसे नाही. त्याच्यामागे उभा असलेला माणूस आणि त्याची वही विश्वसनीय असली पाहिजे.

६

जनावरांच्या बाबतीत कॅमेऱ्याने आणखी एक समज खोटा पाडला. बिबट्या जंगलात राहतो आणि चुकून शेतात येतो, असे आपण धरून चालतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात, जेथे अरण्य नाही आणि वस्ती दाट आहे अशा उसाच्या प्रदेशात, वाटांवर स्वयंचलित कॅमेरे बसविले. उष्ण अंगाचा प्राणी समोरून गेला की हा कॅमेरा आपोआप चित्र घेतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे समोरासमोर लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरील ठिपक्यांची मांडणी सारखी नसते. ती प्रत्येक बिबट्याची निराळी असते, आणि तिच्यावरून एकेक बिबट्या ओळखता येतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तेवढीच तरसे असल्याचा अंदाज निघाला. बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातील कुत्र्यांचा होता. म्हणजे ती वाट चुकलेली जनावरे नव्हती. ती तेथलीच रहिवासी होती.

दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यातही बिबट्या वावरतो. ऊस उंच झाला की त्याला आडोसा मिळतो, मादी तेथेच पिले घालते, आणि तोडणी सुरू झाली की बछडे उघड्यावर पडतात. नेमक्या या वेळी कॅमेऱ्याने फार मोठे नुकसान होऊ शकते. बछडे उचलून, मांडीवर घेऊन चित्रे काढली जातात, गर्दी जमते, आणि मादी जवळ येत नाही. योग्य रीत अशी की, बछड्यांना हात लावू नये, वनखात्यास कळवावे आणि जागा मोकळी करावी. रात्री शांतता झाली की मादी आपली पिले उचलून नेते. येथे चित्र न काढणे हेच उत्तम छायाचित्रकाराचे लक्षण होय.

पक्ष्यांच्या घरट्यांनाही हेच लागू आहे. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून जाणारी अंडी घालते. उन्हाळ्यात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंडी निववते. आपण जवळ उभे राहून तिला अर्धा तास दूर ठेवले तर अंडी उन्हात तापतात. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की मागे फिरावे. घरट्याभोवतीच्या फांद्या छाटणे, पिलांना चांगल्या उजेडात बसविणे, ध्वनिमुद्रित आवाज वारंवार ऐकवून पक्ष्यास बाहेर काढणे, ही सर्व वर्ज्य कृत्ये समजावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे संरक्षित पक्ष्याची अंडी किंवा घरटे विस्कळीत करणे हा शिकारीचाच प्रकार ठरतो, आणि अभयारण्यात छायाचित्रणास परवानगी लागते. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण चारचौघांत जाहीर करू नये, मात्र आपल्या वहीत ते खरे लिहावे. गुप्तता आणि खोटेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

७

वहीत काय लिहावे? तारीख, वेळ, गाव आणि नेमकी जागा. हवा कशी होती. पक्षी किती होते आणि काय करीत होते. ओळख कोणत्या खुणांवरून पटली. ओळख पटली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. ‘पिंगळ्याचा प्रकार, नक्की नाही’ ही प्रामाणिक नोंद दहा डौलदार चुकीच्या नोंदींहून मोलाची आहे. या नोंदी घरात पडून राहू नयेत म्हणून कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेला ‘ईबर्ड’ हा संग्रह उपलब्ध आहे. त्यात कोणालाही आपली यादी चित्रासह घालता येते, आणि असाधारण नोंद जाणकारांकडून तपासली जाते.

एक रकाना मात्र आपण स्वतः वाढवावा, तो स्थानिक नावाचा. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीत असताना आदिवासींकडून पशुपक्ष्यांची नावे आणि त्यांच्या सवयींची माहिती टिपून घेतली, आणि मराठीला ‘पक्षिकोश’ दिला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा रानाची भाषा हीही साहित्याची भाषा आहे, हे मान्य झाले. ते काम संपलेले नाही. ऊसतोडीसाठी कामरेजकडे येणाऱ्या कुटुंबांतील वृद्धांना अहिराणीतील व भिली बोलींतील पाखरांची नावे येतात. सुरतेच्या शाळेत शिकणाऱ्या त्यांच्या नातवंडांना ती येतीलच, असा भरवसा धरता येत नाही. तीच चिमुरडी मुले शेजारच्या मुलांकडून ‘सुघरी’ व ‘दिवाळीघोडो’ ऐकतात. शिक्षकाने एक चित्र फळ्याजवळ लावून ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ एवढेच विचारले तरी एका तासात चार बोलींची नावे गोळा होतील. मात्र तेथेही नियम तोच पाळावा: नाव कोणत्या गावच्या माणसाने सांगितले आणि केव्हा सांगितले, हे त्याच्यापुढे लिहिलेले असावे.

यासाठी प्रत्येक शाळेने एक जाड वही वेगळी ठेवावी. मुलांनी शाळेच्या आवारात, वाटेवर, शेतात पाहिलेल्या पाखरांच्या नोंदी तीत तारीखवार कराव्यात. कॅमेरा असेल तर चित्र चिकटवावे, नसेल तर पेन्सिलीने रेखाटन करावे. व्यंकटेश माडगूळकर रानात हिंडताना अशी रेखाटने करीत, आणि रेखाटन करणाऱ्याला पक्षी अधिक वेळ पाहावा लागतो, हा त्याचा लाभ. दहा वर्षांनी ही वही त्या गावचा एक दस्तऐवज होईल. धोबी कोणत्या वर्षी कोणत्या तारखेला आला, बाभळीवरचे खोपे किती होते आणि बाभूळ तोडल्यावर सुगरणी कोठे गेल्या, या प्रश्नांची उत्तरे तीत सापडतील. डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या नोंदी खऱ्या ठेवल्या होत्या, म्हणूनच शंभर वर्षांनंतर कोणाला तरी योग्य झाडाखाली जाऊन उभे राहता आले.